मागील दारची पडवी : कामाच्या नोंदी, जानेवारी ते जून 2025

12 जानेवारी, रविवार

गोठा काल पूर्ण उतरवला. गुरं गेल्यापासून तो रिकामाच होता आणि गेल्या पावसात त्याचा दक्षिणेकडचा कूड बसला. त्यातली मंगळुरी कौलं आणि ऐनाचे वासे मात्र अजून ठणठणीत आहेत. ते परसात रचून झाकून ठेवले.

प्रश्न आहे आतल्या सामानाचा. जळाऊ लाकडं, नारळ, सोडणं (नारळाच्या साली), आंब्याचे क्रेट आणि जुनी लाकडी खोकी, ग्रास कटर, फवारणीचा पंप, घमेली, कुदळी, पॉवर टिलरचे लोखंडी दाते, सगळं आता पुढच्या ओटीवर आणि जिन्याखाली पसरलंय. येत्या आगोटीच्या, म्हणजे पावसाळ्याच्या तोंडाच्या, आत या सगळ्याला कायमची जागा हवी. गोठा पुन्हा वेगळा उभारण्यापेक्षा घराच्या मागच्या भिंतीला लागून पडवी काढायची ठरवली. पावसात लाकडं आणायला अंगण ओलांडावं लागणार नाही, आणि बाबांचे गुडघे आता निसरड्या अंगणासाठी नाहीत.

घर राजापूर तालुक्यातलं, खाडीपासून फार लांब नाही. जांभ्याचं, मातीच्या दर्ज्यात, म्हणजे चिऱ्यांच्या सांध्यात चुन्या-सिमेंटऐवजी माती भरून, बांधलेलं. तोंड पश्चिमेला, म्हणजे मागची बाजू पूर्वेला. आपल्याकडचा पाऊस नैऋत्येकडून झोडपतो, त्यामुळे मागील दार आडोशाला येतं. जागा बरी आहे. आईची एकच अट: स्वयंपाकघराच्या खिडकीला हात लावायचा नाही. धूर तिथूनच जातो, सकाळचा उजेड तिथूनच येतो. खिडकी सोडून मोजलं तर लांबीला 18 फूट मिळतात. तेवढीच पडवी.

18 जानेवारी, शनिवार

आज कागदावर बसलो. मला पडवी कौलारूच हवी होती. कौलं घरात, वासे घरात, आणि कौलाखालची जागा उन्हाळ्यात थंड राहते. पण आकडे तसं होऊ देत नाहीत.

घराच्या मागच्या पाख्याची (छपराच्या उतरत्या बाजूची) पागोळी, म्हणजे खालची पुढं आलेली कड, परसाच्या जमिनीपासून 9 फुटांवर आहे. पडवीचं छप्पर तिच्या खाली घालायचं तर त्याची वरची कड 8 फूट 9 इंचांवर येते. पडवीची रुंदी साडेआठ फूट आणि बाहेर दीड फूट पागोळी, असे 10 फूट. मंगळुरी कौलाला आपल्या पावसात फुटाला साडेपाच-सहा इंच उतार लागतो. कमी दिला तर वाऱ्यानं पाणी उलट वर चढतं आणि कौलाच्या खाचेतून आत येतं. साडेपाच इंचांनी 10 फुटांत 55 इंच खाली आलो. म्हणजे बाहेरची कड जमिनीपासून जेमतेम 4 फूट 2 इंच. डोक्यावर भारा घेऊन अशा ठिकाणी कोण शिरणार?

पत्र्याला फुटाला अडीच इंच उतार पुरतो. साडेआठ फुटांत 21 इंच उतरून बाहेरच्या भिंतीपाशी बाहेरून 7 फूट आणि, जमीन नऊ इंच उचलली तरी, आतून सव्वासहा फूट उंची मिळते. दार उत्तरेच्या आडव्या भिंतीत, घराकडच्या उंच बाजूला. तेव्हा पत्रा. कौलं मोडीत जाणार नाहीत. मोठ्या घराची दरवर्षी दहा-बारा फुटतात, त्यांच्यासाठी ती पडवीतच उभी रचून ठेवायची.

26 जानेवारी, रविवार

ग्रामसभा होती. वाढीव बांधकामाचा अर्ज, हातानं काढलेला नकाशा आणि घराचा नमुना 8 चा, म्हणजे ग्रामपंचायतीच्या घरपट्टीच्या नोंदीचा, उतारा जोडून दिला. काम झाल्यावर घरपट्टीला नव्या क्षेत्राची नोंद करून घ्यायची आहे. बरेच जण हे टाळतात आणि पुढं वाटणीच्या किंवा कर्जाच्या वेळी कागदावर नसलेली भिंत कुठून दाखवायची ते कळत नाही.

2 फेब्रुवारी, रविवार

चिरेखाणीवर मिस्त्रींना घेऊन गेलो. चिरा, म्हणजे जांभ्याचा कापलेला ठोकळा, 14 इंच लांब, 9 रुंद, 7 उंच. यंत्रावर कापलेला, त्यामुळे कडा सरळ. पण कड सरळ असणं म्हणजे चिरा चांगला असणं नव्हे. मिस्त्री प्रत्येक थप्पीतून एक-दोन उचलून दुसऱ्यावर आपटत होते. खणखणला तर घ्यायचा, भद्द आवाज आला तर ठेवायचा. पांढऱ्या-पिवळ्या मातीचे मोठे कप्पे असलेला चिरा पहिल्या दोन पावसांत तिथून पोखरला जातो.

ताजा कापलेला चिरा घेतला नाही. गेल्या दिवाळीच्या सुमारास काढलेली, ऊन-वारा खाल्लेली थप्पी मागच्या बाजूला होती, ती घेतली. जांभा खाणीत मऊ असतो आणि हवेवर आल्यावर कडक होतो. स्कॉटिश वैद्य आणि सर्वेक्षक फ्रान्सिस ब्युकॅनननं मलबारात अंगाडीपुरमला हे पाहिलं आणि 1807 च्या वर्णनात नोंदवलं, की जमिनीत असताना कुठल्याही लोखंडी हत्यारानं कापला जाणारा हा दगड बाहेर काढल्यावर थोड्याच काळात विटेसारखा कडक होतो. आपल्याकडच्या पाथरवटांना ते त्याच्या कितीतरी आधीपासून ठाऊक होतं. आमच्या घराच्या कोपऱ्याच्या चिऱ्यांवर टाकीचे घाव आजही जसेच्या तसे दिसतात.

साधारण चारशे चिरा लागेल असा हिशेब आहे, पायाचा धरून.

9 फेब्रुवारी, रविवार

पडवीच्या जागेतून मोरीचं पाणी जातं. आजवर ते उघड्या चरातून अळवाला आणि पुढं केळींना जायचं. त्यावर जमीन घातली असती तर घराच्या जोत्याखाली कायमची ओल. म्हणून आधी तेच हलवलं. मोरीच्या तोंडाशी जाळीचा चौकोनी खड्डा, तिथून चार इंची पाईप पडवीच्या उत्तरेला वळवून केळींपर्यंत. पाईपला फुटाला पाव इंच उतार ठेवला. अळू थोडं पुढं नेऊन लावलं.

16 फेब्रुवारी, रविवार

चर खणले. उत्तरेकडं दीड फुटावर कुदळ कातळावर वाजली. मन आनंदलं, पण दक्षिणेच्या कोपऱ्यात गोठ्याच्या शेणखळीचा जुना भराव निघाला. काळी भुसभुशीत माती, खापऱ्या, करवंट्या. तीन फूट गेलो तरी तेच.

एक टोक कातळावर आणि दुसरं भरावावर असा पाया म्हणजे मधोमध तडा ठरलेला. कातळावरचं टोक हलत नाही, भरावावरचं पावसाळ्यात बसतं, आणि भिंत त्या दोघांच्या ओढाताणीत उघडते. म्हणून भराव पूर्ण काढला. पावणेचार फुटांवर घट्ट मुरूम आणि त्याखाली कातळ लागला. तिथून उत्तरेकडं पायऱ्या पायऱ्यांनी चर वर आणला. प्रत्येक पायरीचा तळ पाणसळीत. उतरत्या तळावर पाया घातला तर तो घसरायला बघतो.

दिवसभराचं काम वाढलं, चिराही वाढला. पण पुढच्या सगळ्या कामाचं बळ इथेच आहे, त्यामुळे याबद्दल घरात कुणी कुरकुरलं नाही.

23 फेब्रुवारी, रविवार

चरात डबर ठोकून, वर काँक्रीटचा थर आणि त्यावर 15 इंच रुंदीचा चिऱ्याचा पाया जमिनीपर्यंत आणला. माल 1 ला 6, सिमेंट आणि वाळू.

वाळवीचा विषय निघाला. लाकडं ठेवायची जागा, म्हणजे वाळवी येणारच. पायाच्या चरात क्लोरपायरीफॉस ओतायचं का? नेहमीची पद्धत 20 टक्क्यांचं एक लिटर औषध 19 लिटर पाण्यात. पण आमची विहीर परसातच आहे आणि जांभा भोकाभोकांचा, पाणी त्यातून वाट काढत जातं. आज चरात ओतलेलं औषध जुलैत विहिरीत उतरणार नाही याची हमी कोण देणार? ते औषध आणलंच नाही. त्याऐवजी जोत्यावर दीड इंचाचा सलग काँक्रीटचा थर, भिंतीपासून सहा इंच सोडून लाकडं, आणि खाली चिऱ्यांवर घोडे. वाळवीला मातीची नळी बांधत उघड्यावरून यावं लागेल, ती दिसली की खरवडता येते. दर पंधरा दिवसांनी बॅटरी घेऊन बघण्याचं काम माझ्या मुलीनं घेतलंय.

2 मार्च, रविवार

आजचा दिवस या सगळ्या कामातला सगळ्यात महत्त्वाचा.

आडव्या भिंती जिथं घराला भिडतात तिथं मिस्त्रींना जुन्या भिंतीत खाचा पाडून नव्या चिऱ्याचे दात अडकवायचे होते. "भाऊ, सांधा घेतला नाय तर भिंत घराला धरणार कशी?" त्यांचा प्रश्न रास्त आहे, एकाच वेळी उभ्या राहणाऱ्या दोन भिंतींना दात हवेतच. पण इथं एक भिंत माझ्या आजोबांच्या लग्नाच्या आधीची आहे. तिला जे बसायचं होतं ते ती केव्हाच बसली. नवी भिंत पहिल्या दोन-तीन पावसांत थोडी तरी बसणार. दोघींना दातांनी बांधलं तर नवी बसताना जुनीला ओढणार, आणि मातीचा दर्जा ओढ सोसत नाही. तो चूर होऊन गळतो.

मला पडवी घराला टेकलेली हवी आहे, घरावर रेललेली नको.

म्हणून ठरलं ते असं. जुन्या आणि नव्या भिंतीत वरपासून खालपर्यंत एक इंचाची फट. छपराची वरची बाजू जुन्या भिंतीवर ठेवायची नाही, तिच्यापासून चार इंच सोडून चार लोखंडी खांबांवर ठेवायची. पाया, भिंती, छप्पर, पडवीचं सगळं पडवीचं. उद्या पडवी काढून टाकली तर घराच्या भिंतीला एक ओरखडाही असू नये.

मिस्त्री बराच वेळ गप्प उभे राहिले, मग त्यांनी विचारलं, "मग फटीतनं पाणी?" त्याचं उत्तर छपरात आहे. पडवीचा पत्रा घराच्या पागोळीच्या आत दीड फूट शिरतो, त्यामुळे भिंतीवरून पाणी उतरण्याचा प्रश्नच येत नाही. राहिली उभी फट. तिच्यात फोमची दोरी, वर लवचिक सीलंट आणि बाहेरून ॲल्युमिनियमची पट्टी, तीही फक्त नव्या भिंतीला खिळलेली. पट्टी दोन्हीकडं ठोकली तर फट ठेवून उपयोग काय!

ते पटलं. दुपारनंतर त्यांनीच फटीत एक इंच जाडीची फळी उभी धरून चिरा लावायला घेतला, म्हणजे माल पडून फट बुजणार नाही. फळी थरागणिक वर सरकवत नेली. ही त्यांची युक्ती, मला सुचली नसती.

9 मार्च, रविवार

भिंती चार थर वर. रोज सकाळ-संध्याकाळ पाणी. चिरा लावण्याआधी भिजवतोय. कोरडा चिरा मालातलं पाणी ओढून घेतो आणि माल भुकटी होतो.

आता शिमगा. पालख्या फिरून गावची माणसं मोकळी होईपर्यंत काम बंद. मिस्त्रींच्या गावात ते मानकरी आहेत, त्यांना विचारायचाही प्रश्न नाही. भिंतीवर पोती टाकली आहेत, ती ओली ठेवायची.

30 मार्च, रविवार, गुढीपाडवा

भिंती पूर्ण झाल्या. बाहेरची पूर्वेची भिंत खालून तीन फूट सलग आणि त्यावर जाळीची: एक चिरा, चार इंच मोकळं, एक चिरा. लाकडांना आणि नारळांना वारा लागतो. दक्षिणेची भिंत मात्र पूर्ण बंद, कारण झड तिथूनच मारते. जाळीला आतून अर्धा इंची गॅल्व्हनाइज्ड तारजाळी लावणार. नारळ ठेवले की उंदीर येतात आणि उंदीर आले की त्यांच्यामागं घोणस येते.

भिंतीच्या माथ्यावर चार इंच जाडीचा काँक्रीटचा पट्टा घातला, आत 10 मिलिमीटरच्या दोन सळ्या. पट्ट्यातून 12 मिलिमीटरचे बोल्ट वर काढलेत, आणि त्यांचे खालचे पाय चिऱ्याच्या तीन थरांतून खाली नेऊन वळवलेत. याचं कारण पुढं पत्र्याच्या वेळी लिहीन.

13 एप्रिल, रविवार

घराकडचे चार खांब उभे राहिले. अडीच इंची चौकोनी पाईप, खाली जाड पट्टी, चार बोल्ट. त्यांचे खड्डे जुन्या पायाच्या अगदी कडेला आले, त्यामुळे चारही एकदम उघडले नाहीत. एक खणायचा, त्याच दिवशी भरायचा, तो घट्ट झाला की दुसरा.

वर कैचीऐवजी दीड बाय तीन इंचाचे सरळ पाईप, आणि त्यांवर तीन-तीन फुटांवर दीड इंची आडवे पाईप. लोखंडाला रेड ऑक्साइडऐवजी झिंकचा प्रायमर आणि वर दोन हात रंग दिला. खाडीची हवा खारी आहे. वेल्डिंगच्या जागा आधी तारेच्या ब्रशनं घासून चकचकीत केल्या, कारण गंज नेहमी तिथूनच सुरू होतो.

27 एप्रिल, रविवार

आंब्याची घाई. माणसं मिळत नाहीत, आणि मिळालीच तर झाडावर हवीत. तरी सुतारकाकांनी दोन दुपारी काढल्या आणि गोठ्याच्या वाशांचा माळा करून दिला. ऐनाचं लाकूड इतक्या वर्षांनी असं निबर झालंय की रंधा घसरतो. खिळे ठोकायच्या आधी प्रत्येक ठिकाणी गिरमिटानं भोक पाडावं लागलं.

वाशांना काजूच्या टरफलाचं तेल दिलं. वाळवी आणि भुंग्यांसाठी यापेक्षा चांगलं आणि स्वस्त मला माहीत नाही. मात्र ते कातडीला लागलं तर फोड येतात, म्हणून हातमोजे आणि पूर्ण बाह्यांचा सदरा. मुलांना त्या दिवशी मागील दारी येऊ दिलं नाही.

माळ्यावर हलकं सामान: रिकामे क्रेट, खोकी, आंब्याच्या पेट्यांत घालायचा पेंढा.

11 मे, रविवार

पत्रे चढले. अर्धा मिलिमीटर जाडीचा रंगीत पत्रा.

3 जून 2020 ला निसर्ग चक्रीवादळ रायगडात श्रीवर्धन-दिवेआगरच्या बाजूला आलं आणि वाऱ्याचा वेग ताशी 110 ते 120 किलोमीटर होता. पुढच्याच वर्षी मे महिन्यात तौक्ते आपल्या किनाऱ्यापासून थोडं आत समुद्रातून गेलं. दोन्ही वेळा सगळ्यात जास्त काय उडालं, तर घराला मागाहून जोडलेले पत्रे. हिशेब सोपा आहे. वाऱ्याचा वेग मीटर-सेकंदात घेऊन त्याचा वर्ग करायचा आणि 0.6 नं गुणायचं. दाब न्यूटनमध्ये येतो. ताशी 120 किलोमीटरला तो चौरस मीटरमागं साधारण 670 न्यूटन, म्हणजे 68 किलोच्या आसपास. छपरावर हा दाब बऱ्याचदा वर ओढणारा असतो. आणि पत्र्याचं स्वतःचं वजन? चौरस मीटरला पाच किलोच्या आसपास. पत्रा पडू नये याची काळजी सगळे घेतात, तो उचलला जाऊ नये याची घ्यायला हवी. भिंतीतले लांब पायांचे बोल्ट त्यासाठी. आता छप्पर उचलायचं तर त्याला चिऱ्याचे तीन थर सोबत उचलावे लागतील.

लावणाऱ्या मुलांबरोबर मी पूर्ण वेळ वर होतो. तीन गोष्टींवर अडून बसलो. पत्रे उत्तरेच्या टोकापासून लावायला सुरुवात केली, म्हणजे प्रत्येक पुढचा पत्रा आधीच्यावर चढतो आणि जोडाची कड दक्षिणेच्या वाऱ्याकडं तोंड करत नाही. स्क्रू पन्हळीच्या खोलगटात मारायचा नाही, उंचवट्यावर मारायचा. पाणी खालून वाहतं, रबराच्या वॉशरला भिजत पडावं लागत नाही. कडेच्या आणि पागोळीच्या रांगेत स्क्रू एका आड एक न मारता प्रत्येक उंचवट्यावर. शिवाय कापायला ग्राइंडर दिला नाही, हातकात्री दिली. ग्राइंडरच्या ठिणग्या रंगात रुततात आणि महिन्याभरात पत्र्यावर गंजाचे ठिपके उठतात. ड्रिलचा कीस संध्याकाळी मऊ झाडूनं झाडून काढला.

घराच्या पागोळीची कौलं तात्पुरती दोन रांगा उतरवून पत्रा आत सरकवला आणि कौलं पुन्हा बसवली. पत्रा आणि जुने वासे यांत दोन इंच मोकळं आहे. तिथं तारजाळी. गरम हवा तिथून बाहेर पडेल.

18 मे, रविवार

जमीन झाली: डबर, मुरूम, वर काँक्रीट, उतार दाराकडं. दार लोखंडी चौकटीत पत्र्याचं, खाली रबराची पट्टी. फटीचं सीलंट भरलं. पागोळीचं पाणी झेलणारे पन्हळ अजून यायचे आहेत, दुकानदारानं पुढच्या आठवड्याचं सांगितलंय. मृगाला तीन आठवडे आहेत, घाई नाही असं सगळ्यांचं मत.

जुन्या-नव्या भिंतीवर फटीच्या दोन्ही बाजूंना एकाच पातळीत पेन्सिलीनं आडव्या रेघा मारून ठेवल्या, तीन उंचीवर. नवी भिंत किती बसते ते रेघाच सांगतील.

21 मे, बुधवार

काल दुपारपासून पाऊस. हा वळीव नव्हे. अरबी समुद्रात हवा बिघडलीय. वाडीत धावपळ उडालीय. कुणाची लाकडं उघड्यावर, कुणाचा शेवटचा आंबा झाडावर, कुणाची कौलं अजून परतायची राहिली.

आमची लाकडं रात्री घरातल्या सगळ्यांनी मिळून आत घेतली. शेजारच्या काकूंची एक गाडी लाकडंही आत आली, जागा होती. पन्हळ नसल्यानं पागोळीचं पाणी सरळ खाली पडतंय. ते भिंतीपासून दीड फुटावर पडतं, पण शिंतोडे जोत्यावर उडतात. पडण्याच्या रेषेत उरलेले अर्धे चिरे आणि डबर पसरलं, भिंतीला झाप (माडाच्या विणलेल्या झावळ्या) उभे केले.

25 मे, रविवार

काल दुपारच्या सुमारास कमी दाबाचं क्षेत्र रत्नागिरी आणि दापोलीच्या मधून किनाऱ्यावर चढलं. आज हवामान खात्यानं मोसमी पाऊस राज्यात, देवगडपर्यंत, आल्याचं जाहीर केलं. 1990 नंतर इतक्या लवकर तो आलेला नाही. आगोटीची कामं अर्धी उरली आहेत असं घरोघरी ऐकायला मिळतं.

काल वारा वाढला तेव्हा बाबा आणि मी पडवीत जाऊन बसलो. पत्रा वाजत होता तो पावसानं. हात लावून प्रत्येक पाईप बघितला, थरथर नाही. दक्षिणेची भिंत बाहेरून काळी भिजली आहे, आत चिरा गार लागतो पण ओल उतरलेली नाही. जाळीतून थोडे तुषार येतात, पहिल्या फूटभरात. लाकडं तिथून आत सरकवली.

1 जून, रविवार

उघडीप मिळाली आणि पन्हळ बसले. याचा हिशेब आधीच केला होता. वरच्या मोठ्या पाख्याचं पाणीही आता पडवीच्या पत्र्यावर येतं. दोन्ही मिळून आडवं क्षेत्र साधारण 41 चौरस मीटर. तासाला 100 मिलिमीटर पडला, आणि आपल्याकडं जुलैत तसा पडतो, तर 4100 लिटर पाणी एका तासात या एका पन्हळीनं वाहून न्यायचं. म्हणून सहा इंची अर्धगोल पन्हळ, दोन-दोन फुटांवर पकडी, उत्तरेकडं 10 फुटांना एक इंच उतार आणि चार इंची उतरता पाईप. पन्हळीची बाहेरची कड आतल्या कडेपेक्षा अर्धा इंच खाली ठेवली. पालापाचोळ्यानं तुंबली तरी पाणी बाहेर सांडेल, भिंतीकडं नाही.

पाईपचं पाणी माडाच्या आळ्यांकडं सोडलं. विहिरीच्या बाजूला मुद्दाम नेलं नाही. पत्र्यावरचं पहिल्या पावसाचं पाणी, पाखरांची घाण, ते लांब गेलेलं बरं.

15 जून, रविवार

आतली मांडणी ठरली. दक्षिणेला लाकडं, घोड्यांवर, भिंतीपासून सहा इंच सोडून. मध्ये नारळ आणि सोडणं. घराच्या भिंतीला लागून काहीच नाही, दीड फुटाची वाट मोकळी. फट, खांबांचे पाय आणि जुनी भिंत कधीही बघता यायला हवी. मंगळुरी कौलं उत्तरेच्या कोपऱ्यात उभी रचली. काहींच्या पाठीवर मंगळुराच्या जुन्या कारखान्याचे शिक्के आहेत. तिथं बासेल मिशननं पहिला कौलांचा कारखाना 1865 मध्ये काढला, त्यानंतर ही कौलं गलबतांनी कोकणच्या बंदरांत उतरू लागली.

फवारणीची औषधं कुलपाच्या लोखंडी पेटीत, दाराशेजारी, खांद्याच्या उंचीवर. ग्रास कटरचं पेट्रोल लाकडांजवळ ठेवायचं नाही म्हणून पडवीत आणलंच नाही. भाताचं बियाणंही इथं ठेवायचं नाही असं आईनं आणि मी ठरवलं. पत्र्याखाली मे महिन्यात जी धग असते तिनं बियाण्याची उगवण जाते; ते माजघरातच बरं.

रेघा तपासल्या. उत्तरेच्या टोकाला, कातळावर, नवी रेघ जुनीला तंतोतंत जुळते. दक्षिणेला नवी भिंत दोन मिलिमीटर खाली गेलीय. सीलंट ताणलंय, तुटलेलं नाही. जुन्या भिंतीचा दर्जा खरवडून पाहिला, कुठं गळलेला नाही. मिस्त्रींना बोलावून दाखवलं. ते रेघेवर अंगठा ठेवून म्हणाले, "दात घेतले असते तर हे आत फुटलं असतं." त्यांच्या वाडीत एका घराला अशीच पडवी काढायची आहे, तिथं आता फट ठेवणार आहेत.

राहिलेलं: नमुना 8 ला नोंदीचा अर्ज. दिव्याची वायर पाईपमधून घ्यायची आहे, बटण दाराबाहेर. दक्षिणेच्या भिंतीला बाहेरून झाप बांधायचे, उद्याच. पुढची मोजणी गणपतीच्या आधी.